२८ डिसेंबर आणि अमेरिकन फुटबॉल: तुमच्या मते या तारखेचा सर्वांत मोठा क्षण कोणता?

दक्षिणवारा
अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातली एकच तारीख निवडायला सांगितली तर मी २८ डिसेंबर निवडेन. या तारखेला सुपर बोल कधी झाला नाही, कारण तो, म्हणजे मोसमाचा विजेतेपदाचा सामना, जानेवारीत किंवा फेब्रुवारीत होतो. तरीही या एका दिवसात मावलंय ते भल्याभल्या सुपर बोलांत नाही.

२८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, ६४,१८५ प्रेक्षक, एनएफएलची (अमेरिकेतली या खेळाची व्यावसायिक लीग) अंतिम लढत. बाल्टिमोर कोल्ट्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स. सात सेकंद उरलेले असताना कोल्ट्सच्या स्टीव्ह मायराने २० यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि १७-१७ अशी बरोबरी झाली. एनएफएलच्या अंतिम सामन्यात प्रथमच ओव्हरटाइम आला. जो आधी गुण मिळवेल तो विजेता! पुढे काय करायचं असतं हे मैदानावरच्या कित्येक खेळाडूंनाही ठाऊक नव्हतं. ओव्हरटाइमच्या सव्वाआठ मिनिटांनी ॲलन अमीची एका यार्डावरून एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) घुसला आणि कोल्ट्स २३-१७ जिंकले.

२८ डिसेंबर १९७५. मिनेसोटातल्या ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियम. डॅलस काउबॉइज मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध १०-१४ असे मागे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ शिल्लक. रॉजर स्टॉबॅकने मैदानाच्या मध्यातून लांबच लांब चेंडू फेकला, ड्रू पिअरसनने तो मांडीजवळ कसाबसा पकडला आणि पाच यार्ड चालत जाऊन टचडाऊन केला. डॅलस १७-१४. सामन्यानंतर स्टॉबॅक म्हणाला की मी डोळे मिटले आणि ‘हेल मेरी’ ही प्रार्थना म्हटली. शेवटच्या क्षणी देवावर हवाला ठेवून फेकलेल्या अशा प्रत्येक पासला आज जगभर तेच नाव आहे.

माझं मत १९५८ ला. तुमचं? या तारखेचे आणखी सामने आठवत असतील तर तेही लिहा.

उनाडपक्षी
१९७५. विचारायलाच नको.

सांगलीचा_बापू
दक्षिणवारा, धागा आवडला, पण आमच्यासारख्यांना आधी खेळ तर समजवा. भाचा डॅलसला आहे. त्याच्याबरोबर व्हिडिओ कॉलवर हे सामने बघतो. दर पाच सेकंदांनी सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग दोन मिनिटं चर्चा होते. नेमकं काय चाललेलं असतं?

जुनाखेळाडू
बापू, एवढं लक्षात ठेवा, बाकी आपोआप कळत जाईल. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. प्रत्येक संधी म्हणजे एक डाऊन. दहा यार्ड कापले की पुन्हा नव्या चार संधी. नाही कापले तर चेंडू समोरच्यांचा. म्हणून तीन संधी वाया गेल्या की बहुतेक संघ चौथ्या डाऊनला चेंडू लाथेने लांब मारून देतात. त्याला पंट म्हणतात. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये गेलात की टचडाऊन, सहा गुण. वर खांबांमधून एक किक, तिचा एक. दुरूनच खांबांमधून किक मारली तर फील्ड गोल, तीन गुण.

चौथा डाऊन आला की श्वास रोखायचा. या धाग्यातले बहुतेक क्षण चौथ्या डाऊनचेच निघतील, बघा.

आता दक्षिणवारा, तुमच्याशी थोडं भांडतो. १९५८ च्या सामन्याला ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ सामना’ म्हणतात ते मला पटत नाही. पहिल्या अर्ध्या भागात जायंट्सच्या फ्रँक गिफर्डच्या हातून चेंडू दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा कोल्ट्सने त्याचे टचडाऊन केले. मध्यंतराला १४-३. सामना एकतर्फी चालला होता. नंतर जायंट्सनी आपल्या गोलरेषेवर कोल्ट्सना अडवलं, आणि मग तो विलक्षण प्रकार: त्यांच्या कॉनर्लीचा पास काइल रोटने घेतला, धावताना त्याच्या हातून चेंडू सुटला, मागून आलेल्या ॲलेक्स वेब्स्टरने तो उचलला आणि एका यार्डापर्यंत नेला. एका खेळीत ८६ यार्ड! तिथून सामना उभा राहिला. शेवटचा भाग अफाट होता, पण त्याचं मोठेपण टीव्हीने वाढवलं. अंदाजे साडेचार कोटी लोकांनी तो पाहिला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी हा खेळ इतक्या मन लावून प्रथमच पाहिला.

दक्षिणवारा
पण टीव्हीने वाढवलं हेच तर त्याचं मोठेपण आहे ना! लमार हंटने तो सामना ह्यूस्टनच्या एका हॉटेलात टीव्हीवर पाहिला आणि व्यवसाय करायचा तर याच खेळात असं त्याच्या मनाने घेतलं. पुढच्या वर्षी त्याने एएफएल ही दुसरी लीग उभी केली. त्या लीगची एनएफएलशी चढाओढ लागली, त्यातून दोन्ही विजेत्यांची गाठ घालून देणारा सामना आला, तोच सुपर बोल. १९५८ नसतं तर आजचा हा सगळा पसाराच वेगळा असता.

आणि गंमत अशी की ओव्हरटाइममध्ये कोल्ट्स गोलरेषेपासून आठ यार्डांवर पोहोचलेले असताना टीव्हीचं चित्रच गेलं. केबल निघाली होती. तेवढ्यात एक माणूस मैदानात धावत शिरला, पोलीस त्याच्या मागे, खेळ थांबला. तेवढ्या वेळात केबल जोडली गेली. तो माणूस सामना दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीचाच होता असं नंतर सांगितलं गेलं.

चांदणचुरा
तो माणूसच माझ्या मते त्या दिवसाचा सर्वोत्तम खेळाडू!! :-)

वैदेही_मि
मिनियापोलिसची आहे, त्यामुळे हा धागा उघडताना छातीवर दगड ठेवला. १९७५ बद्दल सगळे त्या शेवटच्या पासविषयी लिहितात. मी त्याआधीच्या खेळीविषयी लिहिणार आहे.

डॅलसने शेवटचा प्रयत्न स्वतःच्या गोलरेषेपासून १५ यार्डांवरून सुरू केला होता. आणि चौथा डाऊन आला. जुनाखेळाडू म्हणाले तसंच. १६ यार्ड हवे होते. स्टॉबॅकने पिअरसनला कडेच्या रेषेजवळ २५ यार्डांचा पास दिला. पिअरसनने झेल घेतला, पण आमच्या नेट राइटच्या धक्क्याने तो रेषेबाहेर पडला. पंचांचा निर्णय असा की धक्का बसला नसता तर तो आतच उतरला असता, म्हणून झेल वैध. तो निर्णय उलटा असता तर सामना तिथेच संपला असता आणि ‘हेल मेरी’ घडलंच नसतं.

दोन खेळींनंतर तोच पिअरसन, तोच नेट राइट. राइट पडला. पिअरसनने त्याला ढकललं असं आमचे लोक आजही म्हणतात. पिअरसन नाही म्हणतो. पंचांनी नियमभंगाचा झेंडा टाकला नाही. प्रेक्षकांतून कोणीतरी फेकलेलं संत्रं मैदानात पडलं आणि तोच झेंडा आहे असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. त्यानंतर जे झालं ते लाजिरवाणं होतं. कोणीतरी बाटली फेकली, ती आर्मेन टेर्झियन या पंचाच्या कपाळावर लागली आणि ते रक्तबंबाळ झाले. माझ्या शहराचं प्रेम मी कितीही करत असले तरी याला माफी नाही.

आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, फ्रान टार्केंटन. त्याचे वडील जॉर्जियात घरी हा सामना टीव्हीवर पाहत असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मुलाला ते सामना संपल्यावर कळलं. कोण जिंकलं याचं त्यापुढे काय घेऊन बसायचं.

१२ सामने जिंकून दोनच हरलेला तो संघ होता. घरच्या मैदानावर, वाइल्ड कार्डवर, म्हणजे गटविजेता न होता प्लेऑफच्या बाद फेरीत आलेल्या संघाकडून हरला.

उनाडपक्षी
वैदेहीताई, टार्केंटनच्या वडिलांचं माहीत नव्हतं. वर एका ओळीत ‘विचारायलाच नको’ लिहून गेलो होतो. आता तो सामना वेगळ्या नजरेने बघेन.

नागपूरचा_नाना
मी २००३ चं लिहितो. तेव्हा विस्कॉन्सिनात शिकत होतो. बाकी जगाला माहीत असो नसो, ग्रीन बेमध्ये ही तारीख सणासारखी सांगतात बावा.

स्थिती अशी: ग्रीन बे पॅकर्सना आपला सामना जिंकायचा होताच, पण त्याने भागणार नव्हतं. मिनेसोटा वायकिंग्ज ॲरिझोनात हरायला हवे होते. ॲरिझोना कार्डिनल्स त्या वर्षीचे अगदी तळाचे. वायकिंग्ज मोसमाच्या सुरुवातीचे सहाच्या सहा सामने जिंकलेले. ॲरिझोनात दोन मिनिटं उरली तेव्हा वायकिंग्ज १७-६ पुढे. घरच्या लॅम्बो फील्डवर पॅकर्स डेन्व्हरला ३१-३ असं धुऊन काढत होते आणि कोणाचंच समोरच्या सामन्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांचे कान ॲरिझोनाकडे.

मग कार्डिनल्सनी टचडाऊन केला. ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड किक, मारून चेंडू परत मिळवला. शेवटची खेळी, चौथा डाऊन, २५ यार्ड हवेत. जॉश मकाऊनने २८ यार्डांवरून उजव्या कोपऱ्यात फेकला, नेट पूलने झेलला. घड्याळात शून्य. १८-१७! लॅम्बोवर जो आवाज उठला त्याची कल्पना तुम्हाला देऊ शकत नाही. शारजात मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला ना १९८६ मध्ये, तसं. फक्त आम्ही षटकार मारणाऱ्यांच्या बाजूला होतो, आणि षटकार मारणारा आमच्या संघातलाही नव्हता.

नेट पूलला ग्रीन बेने नंतर बोलावून शहराची किल्ली दिली. ॲरिझोनाचा खेळाडू, आणि सन्मान विस्कॉन्सिनात.

आमचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्ह, त्याचे वडील आदल्या रविवारी वारले होते. दुसऱ्याच दिवशी, २२ तारखेच्या सोमवारी, तो ओकलंडविरुद्ध उतरला आणि ३९९ यार्ड, चार टचडाऊन. पॅकर्स ४१-७. त्या आठवड्यात आमच्याकडे अश्रद्ध माणूसही म्हणत होता की वरून कोणीतरी बघतंय.

वैदेही_मि
नानासाहेब, तुमचा सण तो आमचा सुतकाचा दिवस. पण आता एक गोष्ट सांगते, ती वाचून सगळे थांबतील.

पूलने झेल घेतला तेव्हा त्याचे दोन्ही पाय आत पडले नव्हते. दोन बचावपटूंनी त्याला बाहेर ढकललं. पंचांचा निर्णय काय होता? ढकललं नसतं तर तो आत उतरला असता, म्हणून झेल वैध. १९७५ च्या चौथ्या डाऊनला जो नियम आमच्याविरुद्ध गेला, तोच नियम, पुन्हा चौथ्या डाऊनला, पुन्हा २८ डिसेंबरला. लीगने तो नियम २००८ मध्ये काढून टाकला. आता पाय आत पडले तर झेल, नाही तर नाही. योग्यच केलं, पण आमच्यासाठी फार उशीर झाला.

जुनाखेळाडू
हे मी गेली कित्येक वर्षं दोन्ही सामन्यांबद्दल वाचतोय, पण या दोन निर्णयांची सांगड कोणी घातलेली पाहिली नव्हती. वा!

गणिती
तारखांकडे पाहतोय. १९७५ आणि २००३. मध्ये बरोबर २८ वर्षं. हे योगायोगापेक्षा थोडं जास्त आहे. एनएफएलचे महत्त्वाचे सामने परंपरेने रविवारी. २८ डिसेंबर रविवारी कधी येतो? सात वार आणि चार वर्षांचं लीप चक्र, म्हणून दिनदर्शिका दर २८ वर्षांनी जशीच्या तशी फिरते. त्या २८ वर्षांत ही तारीख चारदा रविवारी येते, पाच, सहा, अकरा, सहा अशा अंतरांनी. १९४७, १९५२, १९५८, १९६९, १९७५, १९८०, १९८६, १९९७, २००३, २००८, २०१४. धाग्यात आलेली तिन्ही वर्षं यात आहेत. १९४७, १९५२ आणि २००८ ला काय झालं होतं हे कोणी सांगेल का?

दक्षिणवारा
गणिती, तुम्ही कमाल केलीत! १९४७ मी सांगतो.

२८ डिसेंबर १९४७, शिकागोचं कॉमिस्की पार्क, एनएफएलची अंतिम लढत. मैदान गोठून दगड झालेलं. शिकागो कार्डिनल्सनी फिलाडेल्फिया ईगल्सना २८-२१ हरवलं. चार्ली ट्रिपीने खिळ्यांचे बूट काढून रबरी तळाचे घातले, ४४ यार्डांची धाव घेतली आणि पंट परत आणताना ७५ यार्ड पळाला. त्या पंटच्या वेळी तो पाय घसरून दोनदा पडता पडता वाचला होता. एल्मर अँग्समनने ७०-७० यार्डांच्या दोन धावा काढल्या. संघाचे मालक चार्ल्स बिडविल त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. त्यांनी जमवलेला संघ जिंकलेला त्यांना पाहता आला नाही.

हेच कार्डिनल्स १९६० मध्ये सेंट लुइसला गेले आणि १९८८ मध्ये ॲरिझोनाला. म्हणजे नानांचा नेट पूल ज्या संघाचा, तोच हा संघ! त्यांचं शेवटचं विजेतेपद आजही १९४७ चंच आहे.

अण्णा_डेट्रॉइट
१९५२ आणि २००८ माझ्याकडे द्या. दोन्ही आमचे.

२८ डिसेंबर १९५२, क्लीव्हलंड. डेट्रॉइट लायन्सनी क्लीव्हलंड ब्राउन्सना त्यांच्याच घरी १७-७ हरवून विजेतेपद घेतलं. बॉबी लेन क्वार्टरबॅक. डोक वॉकरने ६७ यार्डांची धाव घेऊन टचडाऊन केला. त्या दशकात लायन्स १९५२, ५३ आणि ५७ असे तीनदा विजेते झाले. १९५७ नंतर आजतागायत एकदाही नाही.

२८ डिसेंबर २००८, लॅम्बो फील्ड. लायन्स पॅकर्सकडून २१-३१ हरले आणि मोसम संपला तो ०-१६ वर. सोळाच्या सोळा सामने हरणारा पहिला संघ. त्याआधी १९७६ मध्ये टॅम्पा बे १४ पैकी १४ हरला होता, पण तो त्यांचा पहिलाच मोसम. आम्ही तर जुनं, मानाचं नाव. आणि मोसमाआधीचे चारही सराव सामने आम्ही जिंकले होते!

मी तेव्हा ट्रॉयमध्ये राहायचो, वाहन उद्योगात नोकरी. त्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीच्या कडेला उभ्या होत्या. १९ तारखेला बुश सरकारने १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. आमच्या मराठी मंडळात ज्याला भेटावं त्याच्या घरी कोणाची ना कोणाची नोकरी टांगणीला लागलेली. शहर दर रविवारी टीव्हीसमोर बसायचं, निदान एक तरी सामना जिंका म्हणून. तेवढंही झालं नाही. तरी लोकांनी संघ सोडला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्या मोसमात आम्ही एक सामना दोनच गुणांनी हरलो होतो, १०-१२, मिनेसोटाकडून. आमचा डॅन ऑर्लॉव्स्की पास फेकायला जागा शोधत मागे मागे गेला आणि स्वतःच्याच एंड झोनच्या मागच्या रेषेबाहेर पाऊल पडलं. त्याचे समोरच्यांना दोन गुण. नेमके तेच दोन.

सांगलीचा_बापू
अण्णा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मग पुढे काही बरं झालं का नाही?

अण्णा_डेट्रॉइट
झालं बापू, झालं. तळाशी राहिलो म्हणून २००९ ला नव्या खेळाडूंतली पहिली निवड आमची. मॅथ्यू स्टॅफर्ड आला. बारा वर्षं आमच्याकडे खेळला, पण प्लेऑफचा एक सामना जिंकला नाही. मग लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच मोसमात सुपर बोल जिंकला. आम्हाला आनंदच झाला. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सनी प्लेऑफचा सामना जिंकला, ३२ वर्षांनी प्रथमच. २४-२३. हरवलं कोणाला? स्टॅफर्डच्या रॅम्सना.

चांदणचुरा
आमच्या घरी २००८ ची आठवण वेगळी आहे. आम्ही न्यू जर्सीचे, न्यूयॉर्क जेट्सवाले. त्या वर्षी जेट्सनी ग्रीन बेकडून फाव्हला आणलं आणि चॅड पेनिंग्टनला सोडून दिलं. पेनिंग्टन मायामीला गेला. मायामी डॉल्फिन्स आदल्या मोसमात १-१५, म्हणजे एक विजय आणि पंधरा पराभव. आणि २८ डिसेंबरला शेवटचा सामना जेट्स विरुद्ध मायामी, आमच्या मैदानावर. मायामी जिंकला तर तोच गटविजेता. पेनिंग्टन जिंकला, २४-१७. फाव्हचे तीन पास मायामीने पळवले. १-१५ वरून ११-५!

माझ्या वडिलांना पेनिंग्टन फार आवडायचा. संघ हरल्याचं दुःख होतं आणि बाबा शांतपणे म्हणाले, “त्याला सोडायला नको होता.” बस.

नागपूरचा_नाना
म्हणजे २००३ ला या तारखेला फाव्ह लॅम्बोवर आनंदात, आणि २००८ ला तुमच्याकडे असा.

वैदेही_मि
आणि २००९ ला तो आमच्याकडे आला! पण ती कथा जानेवारीची, या धाग्यात नको.

उनाडपक्षी
२००८ च्या त्याच दिवशी फिलाडेल्फियाने डॅलसला ४४-६ हरवून प्लेऑफ गाठलं होतं. मी डॅलसचा, म्हणून मुद्दाम नोंदवतो. १९७५ चं श्रेय घ्यायचं तर हेही आमच्या खात्यात मांडायला हवं.

जुनाखेळाडू
एक माणूस या तारखेला पुन्हा पुन्हा दिसतो. टॉम लँड्री. १९५८ ला जायंट्सच्या बचावाचा प्रशिक्षक तोच होता, आणि आक्रमणाचा विन्स लोम्बार्डी. हरलेल्या संघाच्या बाकावर दोन दिग्गज! पुढे लोम्बार्डीने ग्रीन बे घडवलं आणि लँड्रीने डॅलस. १९६९ ला याच तारखेला लँड्रीचं डॅलस क्लीव्हलंडकडून १४-३८ हरलं. १९७५ ला स्टॉबॅकने तो पास फेकला तेव्हा कडेला हॅट घालून उभा होता तो लँड्रीच. १९८० ला पुन्हा २८ डिसेंबर, रॅम्सवर ३४-१३. गणितींच्या यादीतली वर्षं पाहा, सगळी बसतात.

स्टॉबॅकचंही सांगितलं पाहिजे. नौदलाच्या अकादमीचा विद्यार्थी, १९६३ चा हाइझमन (महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, मग नौदलातली नोकरी, व्हिएतनाम. डॅलसकडून पहिला सामना खेळला तेव्हा २७ वर्षांचा होता. ज्या वयात खेळाडू बहरात असतात त्या वयात याने सुरुवात केली.

गणिती
एक शंका. १९४७, ५२, ५८ ला या तारखेला अंतिम सामने होते. १९७५ ला प्लेऑफची पहिली फेरी. २००३, २००८ ला साखळीचा शेवटचा सामना. तारीख तीच, पण तिचं वजन घटत गेलं?

दक्षिणवारा
मोसम लांबत गेला. आधी १२ सामने, डिसेंबरच्या मध्यात साखळी संपायची आणि महिनाअखेर अंतिम सामना. १९६१ पासून १४, १९७८ पासून १६. २०२१ पासून १७, त्यामुळे साखळी आता जानेवारीत जाते. पण वजन घटलं असं मला वाटत नाही. अंतिम सामन्यात दोनच संघ असतात. साखळीच्या शेवटच्या रविवारी एका मैदानावरच्या झेलाने दुसऱ्या राज्यातलं शहर नाचतं, नानांनी लिहिलं तसं.

अण्णा_डेट्रॉइट
याच तारखेची आणखी एक नोंद. २८ डिसेंबर २०२१ ला जॉन मॅडन गेले, ८५ व्या वर्षी. ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षक म्हणून १०३ विजय, ३२ पराभव, ७ बरोबरी. नंतर समालोचक. आमच्या मुलांना ते व्हिडिओ गेममुळे माहीत, मला त्यांच्या आवाजामुळे. अमेरिकेत आलो तेव्हा हा खेळ मला कोणी शिकवला असेल तर त्यांनीच. पडद्यावर रेघा ओढून सांगायचे, हा इथून येतो, तो तिथे अडवतो, धडाम! १९७५ च्या त्याच २८ डिसेंबरला त्यांच्या रेडर्सनी सिनसिनाटीला ३१-२८ हरवलं होतं.

सांगलीचा_बापू
सगळं वाचून काढलं. आता मूळ प्रश्नावर येतो. १९५८ बद्दल मला एक कळलं नाही. दक्षिणवारा म्हणतात ओव्हरटाइममध्ये कोल्ट्स आठ यार्डांवर होते. आधी गुण मिळवेल तो जिंकणार, तर फील्ड गोल मारून तीन गुण का घेतले नाहीत? एवढ्या जवळून?

दक्षिणवारा
बापू, फार नेमकं विचारलंत. माझं मत १९५८ ला आहे ते याच्याच उत्तरासाठी.

आधी एक गोष्ट. नेहमीच्या वेळेची दोनेक मिनिटं उरली असताना जायंट्स १७-१४ पुढे होते. तिसऱ्या डाऊनला गिफर्ड चेंडू घेऊन धावला, कोल्ट्सच्या जीनो मार्केटीने त्याला अडवलं. त्या ढिगाऱ्यात मार्केटीचा घोटा मोडला. तो वेदनेने ओरडत होता, गोंधळात चेंडू ठेवला गेला, मोजणी झाली आणि पहिला डाऊन, म्हणजे नव्या चार संधी, थोडक्यात हुकला. आपण अंतर कापलं होतं असं गिफर्ड आयुष्यभर सांगत राहिला. मार्केटीला स्ट्रेचरवर नेत असताना त्याने कडेलाच थांबायला लावलं, सामना बघायचा म्हणून.

जायंट्सनी पंट केला. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटसला चेंडू मिळाला तो स्वतःच्या १४ यार्डांवर. त्याने लागोपाठ तीन पास रेमंड बेरीला दिले, ६२ यार्ड. त्या दिवशी बेरीने १२ झेल घेतले, १७८ यार्ड. दोघं रोज सरावानंतर थांबून हेच पास पुन्हा पुन्हा करायचे. हा युनायटस म्हणजे १९५५ ला पिट्सबर्गने एकाही सामन्यात न खेळवता काढून टाकलेला, मग पोटासाठी बांधकामावर राबून स्थानिक संघाकडून थोडक्या डॉलरांवर खेळलेला मुलगा.

आता तुमचा प्रश्न. ओव्हरटाइममध्ये ८० यार्ड, १३ खेळी. आठ यार्डांवर आल्यावर किक मारता आली असती. पण मायराच्या त्या मोसमातल्या निम्म्याहून जास्त किक चुकल्या होत्या. आणि युनायटसला आपल्या हातावर जास्त भरवसा होता. त्याने उजव्या कडेला जिम मटशेलरला पास दिला. तो पास जायंट्सच्या हाती लागला असता तर सगळं मुसळ केरात. मटशेलरने एका यार्डावर झेल घेतला. पुढच्या खेळीत अमीची.

इतका धोका का घेतला असं विचारल्यावर युनायटसचं म्हणणं असं की आपण काय करतोय हे ठाऊक असलं की तो धोका नसतो.

जुनाखेळाडू
ठीक आहे. ‘सर्वश्रेष्ठ सामना’ हे मी अजूनही मानत नाही. पण त्या शेवटच्या १३ खेळींना माझं मत.

वैदेही_मि
माझं मत मार्केटीला.

सांगलीचा_बापू
भाच्याला सांगितलंय, १९७५ चा आधी दाखव, तोही तो चौथा डाऊन आणि १६ यार्डांपासून. वैदेहीताईंचा नेट राइट कुठे उभा होता ते मला स्वतः पाहायचंय.